अमेरिकेंतील घडीचा चाकू : गुण आणि मोल

मार्क ट्वेन या अमेरिकन ग्रंथकाराची ‘टॉम सॉयर’ ही कादंबरी १८७६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एक लहानसा प्रसंग आहे. धर्मग्रंथांतील वचनें कशींबशीं पाठ केल्याबद्दल टॉमला त्याची मावसबहीण मेरी एक नवा कोरा ‘बार्लो’ चाकू बक्षीस देते. चाकूची किंमत साडेबारा सेंट. या चाकूनें कांहींएक कापलें जात नाहीं. पण तो अस्सल बार्लो आहे, एवढ्याच गोष्टीनें टॉमला आकाश ठेंगणें होतें.

ट्वेननें हा विनोद एका पोरावर केला असला, तरी चाकूच्या बाजाराचें एक मर्म त्यांत सांपडतें. चाकू विकत घेणाऱ्यापुढें नेहमीं दोन प्रश्न असतात. हा चाकू काम कसें करील, हा एक. आणि त्याच्यावर नांव कोणाचें आहे, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर म्हणजे चाकूचा गुण. दुसऱ्याचें उत्तर बहुतेक वेळां त्याची किंमत ठरवितें. गुण आणि किंमत यांची गांठ कधीं पडते, कधीं पडत नाहीं. ती कोठें पडते आणि कोठें सुटते हें ज्याला ओळखतां येतें, त्याचे पैसे वांचतात. ज्याला येत नाहीं, तो साडेबारा सेंटांऐवजीं दोनशें डॉलर मोजून टॉमचाच चाकू घरीं आणतो.

येथें विचार करावयाचा तो अमेरिकेंत तयार होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या घडीच्या चाकूचा. याचें पातें मुठींत मिटतें. पण तें उघडें धरून ठेवणारें कुलूप त्यांत नसतें. मुठीच्या पाठीच्या बाजूनें एक पोलादी पट्टी गेलेली असते. घड्याळाला जशी कमान, तशी ही या चाकूची कमान. पात्याचें मुठींत राहणारें बूड सपाट बाजूंचें घडविलेलें असतें आणि कमान त्याच्यावर सतत दाबून बसते. पातें उघडूं लागलें कीं बुडाचा कोपरा कमानीला उचलतो, आणि पातें पुरें उघडतांच कमान बुडाच्या सपाट बाजूवर खट्‌दिशीं येऊन बसते. या दाबाखेरीज पात्याला दुसरें बंधन नाहीं. उलट्या बाजूनें जोर लागला कीं तें मिटणारच. म्हणून हा चाकू भोसकण्याच्या कामाचा नव्हे. कापणें, सोलणें, तासणें हीं त्याचीं कामें.

पात्याच्या दोन्ही अंगांना पितळेच्या पातळ पत्र्यांचें अस्तर असतें. त्यावर हाड, शिंग किंवा लांकूड यांच्या पट्ट्या बसवितात आणि मुठीच्या टोकांना जर्मन सिल्व्हरचीं टोपणें घालतात. या धातूच्या नांवांत रुपें असलें तरी धातूंत तें मुळींच नसतें; तांबें, निकेल आणि जस्त यांचें तें मिश्रण आहे. हा सगळा संसार खिळ्यांनीं जखडलेला असतो. मळसूत्री खिळा नसल्यामुळें तो सहज उकलून पुन्हां जुळवितां येत नाहीं. कारागिरानें खिळे ठोकून त्यांचीं डोकीं घांसलीं कीं त्याची सफाई किंवा त्याची चूक चाकूंत कायमची राहते. चाकूच्या परीक्षेचा पाया तोच आहे. हातांत घेतलेला चाकू स्वतःच आपल्या कर्त्याविषयीं साक्ष देत असतो.

हा चाकू अमेरिकेनें शोधून काढला असें मात्र नव्हे. इंग्लंडांतील शेफील्ड हें त्याचें माहेर. बार्लो हें नांवही तेथूनच आलें. एकोणिसाव्या शतकांत शेफील्डचे अनेक कारागीर समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेले. परंतु शेफील्डचा आणि जर्मनींतील सोलिंगेनचा तयार माल तेथील बाजारांत मुबलक येत असल्यामुळें स्थानिक कारखान्यांना डोकें वर काढणें कठीण जाई. १८९० सालीं मॅकिन्ले यांच्या नांवानें ओळखला जाणारा जकातीचा कायदा झाला. त्यानें परदेशी चाकूंवर जबर जकात बसविली आणि परदेशी मालावर त्याच्या देशाचें नांव घालणेंही सक्तीचें केलें. या आडोशाखालीं न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या संस्थानांतील लहान लहान गांवीं चाकूंचे कारखाने भरभराटले. वॉल्डन, एलेनव्हिल, कॅमिलस, लिटल व्हॅली, ब्रॅडफर्ड, टायटसव्हिल हीं गांवें नकाशांत शोधावीं लागतील. पण चाकूच्या शौकिनाला तीं तोंडपाठ असतात.

या गांवांच्या गिऱ्हाइकांत शेतकरी, गुराखी, फांसेपारधी, कारकून असे सर्व थरांचे लोक होते, आणि एकेका धंद्यानें आपापला घाट मागितला. गुरें पाळणाऱ्यासाठीं ‘स्टॉकमन’ झाला. त्याला तीन पातीं : किरकोळ कामासाठीं टोकदार, सरळ कापासाठीं मेंढीच्या खुरासारखें बोथट टोंकाचें, आणि जनावरें खच्ची करण्यासाठीं तिसरें. या तिसऱ्याचें टोंक मुद्दाम गोल ठेवलेलें असतें, म्हणजे जनावर हललें तरी तें नको तेथें रुतत नाहीं. जनावरें पकडून कातडें काढणाऱ्यासाठीं दोन लांब पात्यांचा ‘ट्रॅपर’ झाला. पिसाच्या लेखण्या गेल्या, पण त्या तासणारा नाजुक ‘पेन’ चाकू कोटाच्या खिशांत राहिला. यावरून परीक्षेचा पहिला धडा मिळतो. घाट चांगला कीं वाईट, हें कामावांचून ठरत नाहीं. दिवसांतून दोन पत्रें आणि एक सफरचंद कापणाऱ्यानें तीन पात्यांचें ओझें खिशांत कां वागवावें?

घाट ठरल्यावर चाकू हातांत घ्यावा आणि प्रथम तो मिटलेलाच पाहावा. पाठीवरून अंगठा फिरवावा. अस्तर, कमान आणि मूठ यांच्या सांध्यांवर नख अडकूं नये. मग चाकू उजेडासमोर धरावा. कमान आणि अस्तर यांच्या फटींतून प्रकाशाची रेघ दिसली, तर जोडणींत कसूर झाली असें समजावें. केसाएवढी एखादी रेघ कामाला बाधत नाहीं. पण तींत घाम आणि धूळ शिरते आणि गंज आंतून लागतो. जेथें टोपण संपतें आणि हाड सुरू होतें, तेथील जोड विशेष निरखून पाहावा. पितळ, जर्मन सिल्व्हर आणि हाड हे तीन भिन्न स्वभावाचे पदार्थ एका पातळींत आणणें हें घिसाडघाईनें होणारें काम नव्हे.

आतां पातें उघडावें. पात्यावर नख घालण्यासाठीं एक खांच असते. पातें इतकें घट्ट नसावें कीं नख मोडेल, आणि इतकें सैलही नसावें कीं खिशांत आपोआप उघडेल. उघडतांना कमानीचा दाब सारखा लागला पाहिजे; मध्येंच खरखर किंवा हिसका लागतां कामा नये. शेवटीं स्वच्छ, भरीव आवाज आला पाहिजे. मिटतांनाही तसाच. या गुणाला अमेरिकन शौकीन जे शब्द वापरतात, त्यांचा अर्थ ‘चाल आणि बोल’ असा होतो. पातें चालतें कसें आणि बोलतें कसें, हें ते दुकानांत उभ्या उभ्या पाहतात. आणि ही कांहीं हौसेची लहर नव्हे. बुडाचे कोपरे नीट घासलेले असतील, कमानीला योग्य पाणी दिलेलें असेल आणि खिळा बरोबर जागीं असेल, तरच चाल गुळगुळीत होते आणि बोल खणखणीत येतो. न दिसणाऱ्या तीन गोष्टी एका आवाजांत ऐकूं येतात.

उघडलेलें पातें धारेपासून बोटें दूर ठेवून बाजूनें आणि वरखालीं हलवून पाहावें. नव्या चाकूंत तें हलतां कामा नये. मग कमानीची पाठ पाहावी. पातें उघडें, अर्धे मिटलेलें आणि पूर्ण मिटलेलें अशा तिन्ही स्थितींत ती अस्तराशीं समपातळींत राहणें हें उंची कामाचें लक्षण आहे. उघड्या आणि मिटलेल्या स्थितींत ती सम असली म्हणजे चांगल्या कामाच्या चाकूचें भागतें. तिन्ही स्थितींत सम असेल, तर कारागिरानें बूड घांसण्यांत वेळ खर्च केला असें निश्चित समजावें. पातें मिटलेलें असतांना त्याचें टोंक मुठीच्या बाहेर डोकावतां कामा नये, आणि तें दोन अस्तरांच्या मधोमध असावें. एकाहून अधिक पातीं असतील तर तीं एकमेकांना घासूं नयेत म्हणून त्यांना बुडाशीं किंचित् बांक दिलेला असतो. हा बांक म्हणजे दोष नव्हे. तो नसता तर चाकू फार जाड झाला असता.

धारेकडे सर्वांत शेवटीं पाहावें. नव्याची धार कितीही सुरेख असली तरी ती कारखान्यानें लावलेली धार आहे, आणि तिचें आयुष्य थोडें. खरा प्रश्न असा कीं धार गेल्यावर ती पुन्हां किती लवकर येते आणि किती दिवस टिकते. हें पोलादावर अवलंबून आहे.

जुन्या पद्धतीच्या अमेरिकन चाकूंत दोन जातींचें पोलाद आढळतें. एक कार्बनचें पोलाद. त्यांत १०९५ या क्रमांकाचें पोलाद प्रसिद्ध आहे. क्रमांकांतील शेवटचे दोन आंकडे कार्बनचें प्रमाण सांगतात, म्हणजे शेंकडा सुमारें ०.९५. या पोलादाला बारीक धार चढते आणि साध्या दगडावर ती लवकर परत येते. पण ओलावा त्याला सोसत नाहीं. लिंबू, कांदा, सफरचंद कापतां कापतां या पात्यावर करडी, निळसर झांक चढते. नवशिका तिला गंज समजून घासून काढतो. वस्तुतः ती झांक पात्याला थोडेंबहुत संरक्षण देते. शत्रु आहे तो तांबडा गंज. दुसरी जात न गंजणाऱ्या पोलादाची. अशा पात्यांत क्रोमियम शेंकडा सुमारें १३ असतें. ब्रॅडफर्ड येथील केसच्या कारखान्यांत ‘ट्रू-शार्प’ या नांवाखालीं वापरलें जातें, तें याच जातीचें. समुद्रकांठीं राहणाऱ्यानें, किंवा चाकू पुसण्याचा कंटाळा असणाऱ्यानें, हीच जात घ्यावी हें बरें.

परंतु पोलादाचें नांव म्हणजे पोलादाचा गुण नव्हे. एकाच पोलादाचीं दोन पातीं एक उत्तम आणि एक टाकाऊ निघूं शकतात. कारण पोलादाला पाणी कसें दिलें यावर सारें आहे. तें तापवून एकदम निववलें म्हणजे कांचेसारखें कठीण पण ठिसूळ होतें. पुन्हां बेताच्या आंचेवर धरलें म्हणजे थोडी कठीणता देऊन चिवटपणा घेतें. केसच्या पात्यावरील ‘एक्स एक्स’ हीं दोन अक्षरें या दुहेरी संस्काराची खूण म्हणून सांगितलीं जातात. कठीणता मोजण्यासाठीं रॉकवेल नांवाचें माप आहे : हिऱ्याचें टोंक ठराविक दाबानें पोलादांत किती खोल रुततें, त्यावरून आंकडा ठरतो. अशा चाकूंच्या पात्यांना साधारणतः ५५ ते ६० या दरम्यानचा आंकडा शोभतो. त्याहून मऊ असेल तर धार दुमडते. फार कठीण असेल तर तिचे तुकडे उडतात आणि दगडाला ती दाद देत नाहीं.

दुकानांत उभा असलेला गिऱ्हाईक हें कशानें मोजणार? फट दिसते, बोल ऐकूं येतो, पातें हलतें तें हाताला कळतें. पण पाणी दिसत नाहीं. म्हणून येथें, आणि येथेंच, नांवाला खरा अर्थ येतो. नांव हें न दिसणाऱ्या गुणाबद्दलचा जामीन आहे. ज्या कारखान्यानें वर्षानुवर्षें पोलादाला नीट पाणी दिलें, त्याच्या छापावर विश्वास टाकणें हा शहाणपणा आहे. मात्र जामीन घेतांना जामीन राहणारा हयात आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

अमेरिकेंतील चाकूंच्या बाबतींत ही चौकशी आवश्यक होऊन बसली आहे. एलेनव्हिलचा इंपीरियल श्रेड हा मोठा कारखाना २००४ सालीं बंद पडला. कॅमिलस गांवचा कॅमिलस कारखाना २००७ मध्यें गेला. टायटसव्हिलच्या क्वीन कारखान्यानें २०१८ मध्यें दार लावलें. कामगार घरीं गेले, यंत्रें विकलीं गेलीं. पण नांवें मेलीं नाहींत. नांव ही विकाऊ मालमत्ता आहे. श्रेडचें नांव दुसऱ्यानें विकत घेतलें आणि त्या नांवाचे चाकू चीनमध्यें तयार होऊं लागले. हे नवे चाकू वाईटच असतील असें नाहीं. कित्येक त्यांच्या किंमतीला पुरे पडतात. पण आजोबांच्या श्रेडवरून ज्यानें नव्या श्रेडची पारख केली, तो मेलेल्या माणसाच्या जामिनावर कर्ज देणाऱ्यासारखा आहे.

म्हणून छाप वाचण्याची विद्या शिकावी लागते. छाप पात्याच्या बुडावर, टोपणाजवळ असतो. केसच्या चाकूंवरील छापांवरून काळ ठरवितां येतो. १९४० ते १९६४ या काळांत ‘केस एक्स एक्स’ एवढींच अक्षरें असत. १९६५ मध्यें त्याखालीं ‘यू. एस. ए.’ आलें, १९७० मध्यें अक्षरांखालीं दहा ठिपके मारण्यांत आले आणि पुढें दरसाल एकेक ठिपका कमी होत गेला. म्हणजे पांच ठिपक्यांचा चाकू १९७५ सालचा, एका ठिपक्याचा १९७९ सालचा. १९८० मध्यें अक्षराचें वळण बदलून पुन्हां दहापासून मोजणी सुरू झाली. याच कारखान्याच्या नमुन्याच्या आंकड्यांतही माहिती दडलेली असते. ६३१८ या आंकड्यांतील ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पातीं आणि १८ हा घाटाचा क्रमांक. हें ज्याला ठाऊक आहे, त्याला ६३१८ असा आंकडा असलेला पण दोनच पात्यांचा चाकू दाखविला, तर तो दुकानदाराकडे दुसऱ्यांदां पाहील.

छापाची दुसरी बाजू अशी कीं एकाच हातच्या कामावर अनेक नांवें असूं शकतात. मोठमोठे व्यापारी दुसऱ्याच्या कारखान्यांतून चाकू करवून घेत आणि आपलें नांव घालीत. सिअर्स या पेढीच्या ‘क्राफ्ट्समन’ नांवाखालीं श्रेडनें आणि कॅमिलसनें चाकू केले. बक या विख्यात पेढीचे तीन पात्यांचे खिशांतील चाकूही एके काळीं याच दोघांकडून येत. यंत्र तेंच, पोलाद तेंच, कामगार तेच. फरक एका शब्दाचा. संग्राहकाला तो शब्द मोलाचा वाटतो, म्हणून भारी नांवाचा चाकू महाग आणि दुकानाच्या नांवाचा स्वस्त. ज्याला चाकू वापरावयाचा आहे, त्याच्यासाठीं हें भांडार आहे. गुण आणि किंमत यांची गांठ येथें सुटलेली असते, आणि ती गिऱ्हाइकाच्या बाजूनें सुटलेली असते.

‘अमेरिकेंत तयार झालेला’ या शब्दांबद्दलही सावध राहावें. तेथील व्यापारविषयक सरकारी मंडळाच्या मतें, ज्या वस्तूचें सर्व किंवा जवळजवळ सर्व काम आणि साहित्य अमेरिकेंतील आहे, तिच्यावरच हे शब्द बिनशर्त लिहितां येतात. २०२१ मध्यें या धोरणाला नियमाचें रूप आलें. ‘अमेरिकन पेढी’, ‘अमेरिकेंत आंखलेला’, ‘अमेरिकन परंपरेचा’ हे शब्द ऐकण्यास तितकेच गोड असले तरी त्यांचा अर्थ तो नव्हे.

आजही तेथें चांगलें काम होतच आहे. ब्रॅडफर्डचा केसचा कारखाना चालू आहे. ज्या टायटसव्हिलांत क्वीन बंद पडला, त्याच गांवीं २००६ सालीं ग्रेट ईस्टर्न हा लहान कारखाना निघाला. तो जुने घाट १०९५ पोलादांत, थोड्या थोड्या संख्येनें काढतो आणि नमुन्याचा क्रमांक व साल पात्यावर छापतो. संख्या थोडी आणि मागणी मोठी, म्हणून त्याचे कांहीं चाकू दुकानांतून बाहेर पडतांच अधिक किंमतीला विकले जातात. हा अधिक पैसा दुर्मिळतेचा असतो, धारेचा नसतो.

मुठीचा विचार स्वतंत्र करावा लागतो. कारण डोळा पहिल्यानें तेथेंच फसतो. हाडाच्या मुठीवर खांचे कोरून तिला शिंगाचा खडबडीतपणा देतात आणि रंगवितात. ती हातांत घसरत नाहीं आणि वापरानें तिला सुरेख तकाकी येते. पण खिळ्याच्या भोंवतीं केसासारख्या चिरा पडलेल्या आहेत का, हें भिंगानें पाहावें. केसच्या मुठींचें हाड ब्राझीलमधील वशिंडाच्या गुरांचें असतें. आणि त्या गुरांचें कुळ हिंदुस्थानांतून तेथें गेलेलें आहे. शिंगांत सांबराचें शिंग सर्वश्रेष्ठ मानीत, आणि तेंही हिंदुस्थानांतूनच जाई. त्याचा गाभा भरीव, वरची साल खडबडीत आणि रंग जळक्या मधासारखा. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतानें त्याची निर्यात बंद केली. तेव्हांपासून अस्सल सांबरशिंगाच्या मुठीची किंमत चढत गेली आणि नकलाही वाढल्या. प्लॅस्टिकची मूठ हीन समजण्याचा प्रघात आहे, पण तो सरसकट खरा नाहीं. श्रेडच्या ‘ओल्ड टाइमर’ चाकूंची डेलरिनची मूठ आकसत नाहीं, तडकत नाहीं आणि पाण्याला भीक घालीत नाहीं. भय आहे तें जुन्या सेल्युलॉइडचें. ही रंगीबेरंगी मूठ दिसते देखणी; पण ती सडूं लागली म्हणजे तिच्यांतून निघणारे वायु आपलें पोलाद तर खातातच, शेजारच्या चाकूंनाही गंज चढवितात. शिवाय ती झटकन पेट घेते. असा चाकू असेल तर तो इतरांपासून वेगळा, मोकळ्या हवेंत ठेवावा.

आतां जुन्या चाकूचें मोल. येथें बाजाराचा न्याय संसाराच्या न्यायाच्या उलट आहे. संसारांत ज्या चाकूनें चाळीस वर्षें काम केलें तो मोठा. बाजारांत ज्यानें एकदांही काम केलें नाहीं तो मोठा. कधीं दगडावर न गेलेलें, मूळच्या झळाळीचें पातें असलेल्या चाकूला जी किंमत येते, तिचा लहानसा भागच त्याच घाटाच्या, त्याच वर्षाच्या झिजलेल्या चाकूला मिळतो. रेमिंग्टन हा बंदुकांचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास, चाकूंकडे वळला आणि १९४० पर्यंत ते काढीत राहिला. मुठीवर काडतुसाच्या आकाराचें चिन्ह असलेले त्याचे मोठे चाकू संग्राहकांत फार मागणीचे आहेत. म्हणूनच १९८२ पासून त्या चाकूंच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. त्या आवृत्त्या लबाडी नव्हेत. त्यांच्यावर त्यांचा छाप असतो. पण नवी आवृत्ति जुनी म्हणून विकणारा मात्र लबाडच.

झिजलेलें पातें कसें ओळखावें? पातें मिटून मुठीच्या खोबणींत पाहावें. पुऱ्या पात्यानें खोबण भरलेली असते. झिजलेल्याच्या शेजारीं पोकळी दिसते. बुडाशीं पातें रुंद आणि पुढें एकाएकीं चिंचोळें झालें असेल, तर दगडानें त्याचा घांस घेतलेला आहे. पुष्कळ वेळां विकणारा असें पातें यंत्रावर चकचकीत करून आणतो. चकाकी पाहून नवशिका भुलतो, पण जाणता तेथेंच मागें सरतो. कारण त्या घासण्यांत छापाचीं अक्षरें उथळ होतात, कडा गोल होतात आणि पात्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो.

बनावटीचे प्रकार याहून सूक्ष्म आहेत. साध्या चाकूच्या बुडावर मोठ्या नांवाचा छाप नव्यानें मारतात. एका चाकूचें पातें काढून दुसऱ्यांत घालतात. तडकलेल्या हाडाच्या जागीं नवें हाड बसवितात. यांच्या परीक्षेला एक साधें सूत्र आहे : चाकूचे सर्व भाग एकाच वयाचे दिसले पाहिजेत. पातें काळवंडलेलें आणि छापाच्या अक्षरांची पोकळी मात्र उजळ, हें जुळत नाहीं. मूठ झिजलेली आणि खिळ्याचें डोकें कोरें, हेंही जुळत नाहीं. एक पातें करडें आणि शेजारचें पांढरें असेल, तर त्यांपैकीं एकजण पाहुणा आहे.

याचा अर्थ जुना चाकू घेऊंच नये असा नाहीं. वापरण्यासाठीं घेणाऱ्याला थोडी झीज, एखादी चीर, पुसट छाप यांचें कांहीं वाटण्याचें कारण नाहीं. कमान जोमदार असली, पातें डगमगत नसलें आणि पोलाद शिल्लक असलें कीं झालें. अशा चाकूला बाजार थोडें मोल देतो आणि काम पुष्कळ. संग्रहासाठीं घेणाऱ्यानें याच्या उलट करावें : कमी घ्यावे, पण पुरे घ्यावे, आणि जें घेतलें तें घासूं नये. दोघांचीही गत बिघडते ती दोन्ही हेतू एकत्र मिसळल्यानें. संग्रहाची किंमत देऊन घेतलेल्या चाकूनें जो आंबा चिरतो, त्यानें पहिल्याच कापांत पैशांचा चुराडा केला. जो झिजलेला चाकू नफ्याच्या आशेनें पेटींत जपतो, त्यानें चाकूही वापरला नाहीं आणि नफाही पाहिला नाहीं.

एक चाकू या दोन्ही हिशेबांच्या बाहेर राहतो, आणि तो म्हणजे वाडवडिलांचा. अशा चाकूची पहिली हानि बहुधा प्रेमानेंच होते : हातांत येतांच तो घासून लख्ख करण्यांत येतो. तसें करूं नये. सांध्यांतील धूळ कोरड्या काडीनें काढावी, खिळ्यापाशीं तेलाचा एक थेंब सोडावा, पातें चार वेळां उघडून मिटावें आणि फडक्यानें पुसून ठेवावें. पात्याचा काळवंडलेला रंग आणि मुठीवरचा अंगठ्याचा झिजेचा ठसा हा त्या हाताचा लेख आहे. तो पुसला तर बाजारांतील मोल घटतें, आणि घरांतील तर उरतच नाहीं.

इतर सर्व चाकूंच्या बाबतींत जाणते लोक एक क्रम पाळतात, आणि तो नवशिक्यानेंही पाळण्यासारखा आहे. चाकू हातांत आल्यावर छाप वाचण्याची घाई करूं नये. प्रथम डोळे मिटून तो सांवकाश उघडावा आणि मिटावा, त्याची चाल हाताला कळूं द्यावी, बोल कानांनीं ऐकावा. मग डोळे उघडून फटी, पातीं आणि मूठ पाहावी. हें झाल्यावर छाप वाचावा, आणि किंमतीची चिठ्ठी सर्वांत शेवटीं. हा क्रम उलटला, कीं नांव वाचल्याबरोबर हात बहिरा होतो आणि डोळा आंधळा. आणि मग, टॉमसारखें, न कापणाऱ्या चाकूचेंही कौतुक वाटूं लागतें. टॉमला तो बक्षीस मिळाला होता, एवढें मात्र विसरूं नये.